अवकाश-व्यापाराच्या बहुखेळाडू खेळात रँडम कामगिऱ्या कशा घालाव्यात

अवकाश-व्यापाराचा खेळ नव्याने सुरू झाला की पहिले चार-पाच दिवस प्रत्येक खेळाडू नकाशा चाचपडत असतो. मग त्याला शेजारी-शेजारी असलेली दोन बंदरे सापडतात. एक बंदर गूळ विकते व यंत्रभाग घेते, दुसरे यंत्रभाग विकते व गूळ घेते, आणि तिथून पुढे तो रोज येऊन त्या दोन बंदरांमध्ये येरझाऱ्या घालतो व दिवसाच्या चाली संपल्या की निघून जातो. हिशेबाने त्याचे काहीच चुकत नाही. पण हजार सेक्टरांचे (अवकाशाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांचे) विश्व त्याच्यापुरते दोन सेक्टरांचे होते, आणि ज्यांच्याशी गाठ पडावी म्हणून खेळ बहुखेळाडू केला आहे त्यांच्याशी त्याची गाठच पडत नाही. रँडम कामगिऱ्या घालायच्या त्या या येरझाऱ्या मोडण्यासाठी. त्या घालताना मी एकच कसोटी शेवटपर्यंत धरून ठेवतो: कामगिरी विश्वाच्या त्या दिवसाच्या स्थितीतून निघाली पाहिजे, आणि फाशाने केवळ शक्य असलेल्या गोष्टींमधून एक निवडावी.

या खेळांची परंपरा जुनी आहे. शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८च्या फेब्रुवारीत पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनवरून जोडून निरोप ठेवायचा संगणक, सुरू केला. त्याआधीच, १९७४ मध्ये, बेसिक भाषेत लिहिलेला ‘स्टार ट्रेडर’ लोक खेळत होते. १९८४ मध्ये ख्रिस शेरिक यांचा ‘ट्रेड वॉर्स’ आला आणि पुढे गॅरी मार्टिन यांच्या ‘ट्रेडवॉर्स २००२’ने या प्रकाराला आजचे रूप दिले. एका सेक्टरातून जास्तीत जास्त सहा वाटा, तीन जिन्नस, प्रत्येक जिन्नस बंदर घेते किंवा विकते, म्हणून बंदरांचे दोनाचा तिसरा घात म्हणजे आठ प्रकार, आणि दिवसाला ठरावीक चाली: हा सांगाडा अजूनही उत्तम आहे. ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ या १९८९च्या खेळात बाहेरच्या लोकांनी लिहिलेली उपप्रकरणे जोडण्याची सोय होती आणि तो खेळ इतका टिकण्यात त्या सोयीचा मोठा वाटा आहे, असे मी मानतो. परंतु उपप्रकरण बाहेरून चिकटवता येते. कामगिरीला मात्र खेळाच्या पोटातील माहिती वाचावी लागते. त्यामुळे पुढील पद्धत ज्यांच्या हाती खेळाचा सोर्स (मूळ प्रोग्राम) आहे त्यांच्यासाठी आहे.

आमचा खेळ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत, छोट्या लिनक्स संगणकावरील सिंक्रोनेट या सॉफ्टवेअरच्या बोर्डावर डोअर म्हणून, म्हणजे बोर्डातून उघडणारा खेळ म्हणून, चालतो. खेळाडू कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि निपाणीकडचे आहेत. बंदरांना आम्ही जिल्ह्यातील नावे दिली आहेत आणि मूळ तीन जिन्नसांच्या जागी इंधन, गूळ व यंत्रभाग घेतले आहेत. उद्यमनगरचे कारखाने आणि मार्केट यार्डातील गुळाचे सौदे पाहत वाढलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पुढील उदाहरणे याच खेळातील आहेत.

नोंद आधी, गोष्ट नंतर

नवखा लेखक प्रथम कामगिरीची गोष्ट लिहायला बसतो. माझा आग्रह आहे की प्रथम तिची नोंद ठरवावी. एका कामगिरीच्या नोंदीत किमान पुढील गोष्टी हव्यात: क्रमांक, प्रकार, ती देणारे बंदर, लक्ष्य, जिन्नस व नग, मोबदला, अनामत, निघाल्याची व मुदत संपण्याची तारीख, घेणाऱ्या खेळाडूचा क्रमांक आणि अवस्था. अवस्था फक्त पाच ठेवाव्यात: खुली, घेतलेली, पूर्ण, फसलेली आणि रद्द. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते हे कागदावर बाण काढून निश्चित करावे. खुलीमधून घेतलेली किंवा रद्द. घेतलेलीमधून पूर्ण, फसलेली किंवा रद्द. उरलेल्या तीन अवस्थांमधून कोठेही बाण निघत नाही. पूर्ण झालेली कामगिरी पुन्हा खुली करण्याची सोय ‘चाचणीपुरती’ म्हणून कोणी ठेवली असेल तर ती काढून टाकावी, कारण तीच वाट पुढे एकाच कामाचे दोनदा पैसे मिळवण्यासाठी वापरली जाते.

‘फसलेली’ आणि ‘रद्द’ यांतील भेद नीट पाळावा. खेळाडूच्या हातून मुदत टळली, माल गेला किंवा त्याचे जहाज फुटले तर कामगिरी फसली. अनामत जप्त होते. परंतु लक्ष्य असलेले बंदरच दुसऱ्या कोणी उडवून दिले, तर तो त्याचा दोष नाही. अशा वेळी कामगिरी रद्द करून अनामत परत द्यावी आणि खर्ची पडलेल्या चालींचा काही मोबदलाही द्यावा. आमच्या खेळात पहिल्या महिन्यात हा भेद नव्हता. एका खेळाडूने दोन दिवसांच्या चाली खर्चून माल नेला, तोवर बंदर नष्ट झालेले होते, आणि खेळाने त्याचीच अनामत कापली. तो नंतर तीन आठवडे बोर्डावर फिरकला नाही. त्याची नाराजी रास्त होती, आणि त्याच रात्री मी ही पाचवी अवस्था घातली.

फासा कसा टाकावा

ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत आपण सर्वांनी पाहिली आहे. चिठ्ठ्या सर्वांसमोर भांड्यात टाकल्या जातात आणि शाळकरी मुलाला त्यातील एक काढायला सांगितले जाते. सोडत आंधळी असते, परंतु भांड्यात कोणत्या चिठ्ठ्या टाकायच्या हे नियमाने आधीच ठरलेले असते. कामगिरी तयार करणाऱ्या प्रोग्रामचीही हीच रचना असावी. प्रथम आजच्या स्थितीत शक्य असलेल्या सर्व कामगिऱ्यांच्या चिठ्ठ्या करा, मग त्यांतून काढा. उलट क्रमाने, म्हणजे आधी आंधळेपणाने कामगिरी बनवून नंतर ती शक्य आहे का हे तपासायला गेल्यास, प्रोग्राम बहुतेक वेळा नकारच देत बसतो आणि तपासणीतून निसटलेली एखादी अशक्य कामगिरी खेळाडूच्या माथी येते.

चिठ्ठी काढण्याचे यंत्र, म्हणजे रँडम संख्या देणारे फंक्शन, समजून वापरावे. जुने डोअर खेळ बहुधा टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले असत. तिथे पुढची संख्या मागच्या संख्येला १३४७७५८१३ ने गुणून व १ मिळवून, ३२ बिटांत बसेल तेवढी ठेवून काढली जाई. या पद्धतीत सर्वांत खालचा, म्हणजे सम-विषम ठरवणारा बिट आलटून पालटून ० व १ असाच येतो. म्हणून ‘सम आली तर पोच (माल पोहोचवणे), विषम आली तर शिकार (दुसऱ्याच्या जहाजाची)’ असे लिहिले की कामगिऱ्या एकाआड एक येऊ लागतात आणि चाणाक्ष खेळाडूला ते दोन दिवसांत कळते. संख्या वरच्या बिटांमधून घ्यावी. भागाकाराची बाकी घेऊन निवड करण्यातही असाच एक खाचखळगा आहे: ० ते २५५ मधील संख्येला १०० ने भागून बाकी घेतली, तर ० ते ५५ या बाक्या प्रत्येकी तीन वेळा आणि ५६ ते ९९ प्रत्येकी दोनच वेळा येतात. उपाय सोपा आहे. २०० किंवा त्याहून मोठी संख्या आली तर ती टाकून पुन्हा काढावी.

बीज (रँडम संख्यांची साखळी जिथून सुरू होते तो आकडा) कशाचे घ्यावे, हा प्रश्न बहुखेळाडू खेळात अधिक महत्त्वाचा ठरतो. घड्याळावरून बीज घेतले आणि दोन नोडवर (बोर्डाच्या स्वतंत्र जोडण्यांवर) दोघे एकाच क्षणी आत आले, तर दोघांना सारखीच यादी दिसू शकते. त्याहून वाईट म्हणजे, यादी आवडली नाही की खेळाडू बाहेर पडून पुन्हा आत येतो आणि मनासारखी यादी मिळेपर्यंत हेच करत राहतो. यावर मी पुढील उपाय वापरतो: दिवसाचा क्रमांक, बंदराचा क्रमांक आणि खेळ सुरू करताना सिसॉपने (बोर्ड चालवणाऱ्याने) ठरवलेली एक गुप्त संख्या एकत्र करून त्यांचा हॅश (त्यांना घुसळून निघणारी ठरावीक लांबीची संख्या) काढावा व त्याचे पहिले ३२ बिट बीज म्हणून द्यावेत. तीन संख्यांची नुसती बेरीज करून चालणार नाही, कारण लागोपाठच्या बीजांमधून निघणाऱ्या पहिल्या संख्या परस्परांशी नाते सांगतात आणि शेजारच्या बंदरांवर एकाच छापाच्या कामगिऱ्या दिसतात. हॅशमुळे त्या दिवशी त्या बंदरावर सर्वांना कामगिऱ्यांचा एकच फळा (यादी) दिसतो, कोणीही कितीही वेळा आत-बाहेर केले तरी तो बदलत नाही, आणि एखाद्याने तक्रार केल्यास सिसॉपला तोच फळा पुन्हा तयार करून तपासता येतो.

अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे

‘अमुक बंदरावर माल पोहोचवा’ ही सर्वांत साधी कामगिरी. तिच्यासाठी लक्ष्य निवडताना सेक्टरांच्या क्रमांकांमधील फरक पाहू नये. वाटांच्या जाळ्यावरून जवळून दूर असा शोध घेत टप्पे मोजावेत. हजार सेक्टर आणि प्रत्येकी जास्तीत जास्त सहा वाटा म्हणजे फार तर सहा हजार वाटा. हे काम आजच्या कोणत्याही संगणकावर क्षणात होते. सगळ्या जोड्यांची अंतरे एकदाच काढून ठेवायची झाल्यास दहा लाख नोंदी होतात, प्रत्येकी एक बाइट. डॉसच्या ६४० किलोबाइटमध्ये त्या मावल्या नसत्या, परंतु आता ती अडचण उरलेली नाही.

या खेळांत काही वाटा एकेरी असतात, हे मात्र विसरू नये. जायला नऊ टप्पे आणि यायला एकवीस, असे सर्रास घडते. क्वचित एखाद्या सेक्टरात जाता येते पण तिथून परतीची वाट अशी उरतच नाही. म्हणून दोन शोध घ्यावेत: एक मूळ वाटांवर, दुसरा सर्व वाटा उलट्या करून. दोन्ही शोधांत सापडणारी बंदरेच चिठ्ठ्यांच्या भांड्यात जातील. नंतर त्यांना वजन द्यावे. सहा ते पंधरा टप्प्यांवरील बंदराला सर्वांत जास्त, त्याहून जवळच्याला कमी, तीसच्या पुढे शून्य, आणि गेल्या सात दिवसांत जिथे कोणतेही जहाज गेलेले नाही अशा बंदराला दुप्पट. या शेवटच्या वजनाने आमच्या विश्वाचा ओसाड पडलेला कोपरा महिन्याभरात वाहता झाला. संपूर्ण प्रकल्पातील माझा सर्वांत आवडता आकडा तोच आहे.

मोबदला

येथे बहुतेक खेळ चुकतात. लेखक अंदाजाने ‘पन्नास हजार क्रेडिट’ लिहून मोकळा होतो. मग एक तर कामगिऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, किंवा व्यापार बंद पडून सगळे फळ्यापुढे रांग लावतात. या खेळातील खरे चलन क्रेडिट नसून चाल आहे. खेळाडूला दिवसाला मोजक्या चाली मिळतात आणि प्रत्येक चालीला तो व्यापारातून काही कमावू शकतो. म्हणून कामगिरीला लागणाऱ्या चाली मोजाव्यात, त्याच चालींत व्यापार करून किती मिळाले असते ते काढावे आणि त्याहून थोडे जास्त द्यावे.

उदाहरण घेऊ. जायला १२ टप्पे, परत यायला ९; जहाजाला एका टप्प्याला ३ चाली लागतात; म्हणजे ६३ चाली, आणि दोन्ही बंदरांना लागण्याची एकेक चाल धरून ६५. त्या जातीच्या जहाजाची व्यापारातील कमाई चालीमागे १८० क्रेडिट असेल, तर खेळाडू ११,७०० क्रेडिट सोडून हे काम हाती घेतो आहे. त्यावर १५ टक्के चढवले की १३,४५५ होतात, आणि त्यात दहा टक्क्यांपर्यंत वर-खाली फासा टाकावा. माल खेळाडूने स्वतः विकत घ्यायचा असेल तर त्याची किंमत वेगळी भरून द्यावी. वाट धोक्याच्या सेक्टरांतून जात असेल तर प्रत्येक अशा सेक्टरामागे आणखी काही टक्के वाढवावेत.

हे १८० कोठून आणायचे? मी गेल्या सात दिवसांतील, त्या जातीच्या सर्व जहाजांच्या चालीमागील कमाईचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतो. सरासरी घेतल्यास एखाद्या मातब्बर खेळाडूच्या एका दिवसाच्या कमाईने सर्वांचा आकडा फुगतो. खेळाडूची स्वतःची कमाई आधार म्हणून घेण्याचा मोहही टाळावा. तसे केले की कुशल खेळाडूला तेच काम अधिक पैशाला मिळते, आणि मग दोघे संगनमताने कामे एकमेकांच्या नावावर घेऊ लागतात. मध्यक रोज रात्री देखभालीच्या वेळी एकदाच काढून साठवावा.

दोघांनी एकदम हात घातला तर

गुळाच्या सौद्यात एकाच कलमावर दोन व्यापारी बोली बोलतात, पण माल एकाच्याच नावावर लागतो आणि ती नोंद होताच विषय संपतो. फळ्यावरील कामगिरीचेही तसेच हवे. चूक अशी होते: प्रोग्राम कामगिरी वाचतो, ती खुली आहे असे पाहतो, खेळाडूला ‘घ्यायची का?’ असे विचारतो, तो विचार करून ‘हो’ म्हणतो, आणि प्रोग्राम त्याचे नाव लिहितो. त्या विचाराच्या दहा सेकंदांत दुसऱ्या नोडवरील खेळाडूने तीच कामगिरी घेतलेली असते. तपासणे आणि लिहिणे ही दोन कामे एकाच अविभाज्य पावलात व्हायला हवीत. डॉसच्या काळी त्यासाठी शेअर प्रोग्राम चढवून फाइलमधील नोंदीला कुलूप घालत असत. आज एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असल्यास ‘बिगिन इमिजिएट’ने व्यवहार सुरू करावा आणि ‘या क्रमांकाची कामगिरी खुली असेल तरच तिच्यावर माझे नाव लिही’ असे एकच वाक्य द्यावे. त्यानंतर किती ओळी बदलल्या ते पाहावे. एक बदलली तर काम मिळाले, शून्य बदलल्या तर दुसऱ्याने नेले. खेळाडूच्या उत्तराची वाट पाहताना कुलूप कधीही धरून ठेवू नये. तो चहा आणायला गेला तर सर्व नोड खोळंबतात.

तेवढेच महत्त्वाचे म्हणजे, आधी डिस्कवर लिहावे आणि मगच पडद्यावर सांगावे. पूर्वी फोनची लाइन तुटे, आता टेलनेटची जोडणी तुटते, परिणाम एकच. ‘अभिनंदन, १३,४५५ क्रेडिट जमा’ असे वाचल्यावर जोडणी तुटली आणि पुन्हा आल्यावर खात्यात काहीच नसले, तर खेळाडूचा खेळावरील विश्वास उडतो. अवस्था बदलणे, क्रेडिट जमा करणे आणि माल जहाजाच्या खणांतून (माल ठेवायच्या जागांतून) काढणे ही तिन्ही एकाच व्यवहारात करावीत. तीही सगळी व्हावीत, किंवा एकही होऊ नये.

पूर्ततेची तपासणी ठरावीक ठिकाणीच करावी: सेक्टरात पोहोचल्यावर, बंदराला लागल्यावर, जहाज फुटल्यावर आणि रात्रीच्या देखभालीत. प्रत्येक हालचालीला सर्व कामगिऱ्या चाळण्याची गरज नसते. त्या खेळाडूच्या हाती असलेल्या पाहिल्या की पुरते. एका वेळी तीनपेक्षा जास्त कामगिऱ्या हाती ठेवू देऊ नये, अन्यथा सकाळी पहिला येणारा सगळा फळा पुसून नेतो.

अनामत मोबदल्याच्या पाच टक्के ठेवावी. ती नसेल तर खेळाडू कामगिऱ्या नुसत्या अडवून ठेवतात. पोचीचा माल मोहोरबंद समजावा, म्हणजे तो खण अडवेल पण कोणत्याही बंदरात विकता येणार नाही. आम्ही सुरुवातीला तो साधा गूळ म्हणून दिला, आणि दोन खेळाडूंनी तो महाग बंदरात विकून, अनामत सोडून देऊन, चार दिवस पैसे कमावले. नियमांनुसार त्यांनी काहीच गैर केले नव्हते. चूक नियम लिहिणाऱ्याची होती.

टंचाईतून निघणारी कामगिरी

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. शहरात पेट्रोलसाठी रांगा लागल्या, आणि इकडचे दूध मुंबई-पुण्याला जाईना. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मालाची किंमत वाटेवर कशी अवलंबून असते हे वेगळे शिकवावे लागत नाही. या अनुभवावरून मी घातलेला कामगिरीचा प्रकार आज आमच्या खेळात सर्वांत जास्त खेळला जातो.

त्याची पद्धत अशी. रोज रात्री प्रत्येक बंदराचा साठा तपासावा. जे बंदर एखादा जिन्नस घेते आणि ज्याच्याकडे तो सलग तीन दिवस कमाल साठ्याच्या दहा टक्क्यांखाली आहे, तिथे टंचाई जाहीर करावी. नंतर तो जिन्नस विकणारी आणि पुरेसा साठा असलेली बंदरे वाटांच्या जाळ्यावर शोधावीत. तसे एकही बंदर पोहोचण्याजोगे नसेल तर टंचाई जाहीरच करू नये, कारण ती भागवणे कोणालाच शक्य नसते. ही कामगिरी एकट्याची नसावी. ‘पन्हाळ्याला ४०० खण इंधन हवे’ असा एकूण आकडा असावा, ज्याला जमेल तितके त्याने आणावे, प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे मोबदला मिळावा, आणि शेवटचा खण भरणाऱ्याला थोडे अधिक. यामुळे एकमेकांचे वैरी असलेले खेळाडूही एकाच बंदराकडे निघतात, वाटेत गाठ पडते, कधी लढाई होते, कधी तह होतो. फासा येथे फक्त दोन ठिकाणी लागतो: एकाच वेळी अनेक बंदरांवर टंचाई असल्यास आज कोणती जाहीर करायची, आणि मुदत किती दिवसांची ठेवायची.

मराठीतून मजकूर

इंग्रजी खेळात ‘अमुक माल तमुक बंदराला न्या’ अशा साच्यात नावे जशीच्या तशी बसवता येतात. मराठीत तसे चालत नाही, आणि याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच मराठी खेळांची भाषा परकी वाटते. नावाला विभक्ती लावताना ते बदलते, आणि शेवटच्या अक्षरावरून नियम करता येत नाही. पन्हाळा, वारणा आणि जोतिबा ही तिन्ही नावे आकारान्त आहेत. पण आपण पन्हाळ्याला जातो, वारणेला जातो आणि जोतिबाला जातो. गूळ हा शब्द ‘गुळाचा’ होताना ऱ्हस्व होतो, तांदूळ ‘तांदळाचा’ होतो. ‘पन्हाळा या बंदरास’ असे लिहून सुटका करून घेता येते, पण मग प्रत्येक कामगिरी सरकारी परिपत्रकासारखी वाचली जाते.

त्यामुळे बंदरे व जिन्नस यांच्या तक्त्यातच जास्तीचे रकाने ठेवावेत. बंदराच्या नावासाठी मूळ रूप आणि सामान्यरूप. जिन्नसासाठी मूळ रूप, सामान्यरूप आणि लिंग. सामान्यरूप मिळाले की ‘ला’, ‘हून’, ‘चा’ हे प्रत्यय प्रोग्राम स्वतः जोडू शकतो: पन्हाळ्या-ला, पन्हाळ्या-हून. लिंग लागते ते क्रियापदासाठी, कारण गूळ पोहोचला, साखर पोहोचली आणि इंधन पोहोचले. मोजण्याच्या शब्दांचे अनेकवचनही तक्त्यात असावे, म्हणजे ‘१ पेटी’ आणि ‘५ पेट्या’ नीट येतील. गुळासाठी आम्ही ‘रवा’ आणि ‘रवे’ ठेवले आहेत. त्या एका शब्दाने खेळ आपल्या गावचा झाला. चाळीस बंदरांची सामान्यरूपे हाताने भरायला मला एक संध्याकाळ लागली.

पडद्याची बाजूही पाहावी लागते. जुन्या बोर्डांची ४३७ क्रमांकाची अक्षरतालिका देवनागरी जाणत नाही, तेव्हा यूटीएफ-८ समजणारा टर्मिनल वापरण्याची खेळाडूंना विनंती करावी. ८० रकान्यांच्या पडद्यावर तक्ता जुळवताना अक्षरांची संख्या मोजून रिकाम्या जागा भरू नयेत. मात्रा व जोडाक्षरांमुळे संगणकाच्या लेखी ‘पन्हाळ्याला’ हा शब्द अकरा कोडबिंदूंचा (सुट्या चिन्हांचा) आहे, पण डोळ्यांना चारच अक्षरे दिसतात, आणि प्रत्येक टर्मिनल त्यांना वेगवेगळी रुंदी देतो. म्हणून आम्ही आकडे आधी आणि नावे ओळीच्या शेवटी ठेवतो. क्रमांक, मोबदला, मुदत आणि मग मजकूर या क्रमाने लिहिले की रकाने कधीच वाकडे होत नाहीत.

रात्रीची देखभाल आणि चाचणी

देखभालीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम मुदत संपलेल्या कामगिऱ्या बंद कराव्यात, मग लक्ष्य नाहीसे झालेल्या रद्द करून पैसे परत द्यावेत, त्यानंतर मध्यक व टंचाई काढावी आणि शेवटी नवे फळे भरावेत. ज्या खेळाडूची कामगिरी त्याच्या गैरहजेरीत बंद झाली त्याच्यासाठी कारणासह निरोप ठेवावा. देखभाल मध्येच वीज गेल्याने थांबली आणि पुन्हा चालवावी लागली, तरी फळे दुप्पट भरता कामा नयेत. म्हणून ‘या तारखेची देखभाल झाली’ ही खूण प्रत्येक टप्प्याच्या व्यवहारातच लिहावी.

खेळाडूंपुढे ठेवण्याआधी विश्वाची एक प्रत घेऊन तिच्यावर दहा हजार कामगिऱ्या निर्माण कराव्यात. एकही अशक्य निघता कामा नये. नंतर दोन यांत्रिक खेळाडू बनवावेत, एक केवळ व्यापार करणारा आणि एक केवळ कामगिऱ्या घेणारा, आणि दोघांना शंभर दिवस खेळवावे. कामगिऱ्या घेणाऱ्याची कमाई व्यापाऱ्याच्या सव्वापटीच्या पुढे गेली तर १५ टक्क्यांचा आकडा खाली आणावा. ती व्यापाऱ्याहूनही कमी भरली तर चाली मोजण्यात चूक आहे असे समजून प्रथम परतीचे अंतर तपासावे. आमच्याकडे चूक तिथेच होती.

प्रत्यक्ष खेळात पहिला आठवडा फक्त पोचीच्या कामगिऱ्या, प्रत्येक मोठ्या बंदरावर तीन, एवढेच ठेवावे. अवस्थांच्या बदलांची प्रत्येक ओळ नोंदवहीत वेळेसह उतरवून घ्यावी आणि रोज सकाळी ती वाचावी. दुसऱ्या आठवड्यात टंचाई सुरू करावी. दुसऱ्या खेळाडूच्या जहाजाची शिकार करण्याची कामगिरी सर्वांत शेवटी आणावी आणि तिचे लक्ष्य कधीही नवख्या खेळाडूवर पडू देऊ नये. खेळात येऊन वीस दिवस झालेले आणि किमान एक लढाई स्वतःहून सुरू केलेले खेळाडूच त्या भांड्यात जातील, अशी अट आम्ही घातली आहे.